जावई आणि गिअरचं तेल

३ ऑक्टोबर, मंगळवार

गाडी चर्चच्या चढावर मागे घसरली! पुढे जायची ती मागे! मी पाय दाबतेय, इंजिन बोंबलतंय, आणि चाकं आपली उलटी. धूर तर इतका निळा की चर्च झाडणारी बाई झाडू घेऊन बाहेर आली. मला वाटलं, मला वाचवायला. पण ती आधी दार लावायला धावली, धूर आत जाऊ नये म्हणून! बाईला चाळीस वर्षं ओळखते.

घरी आल्याला तीन दिवस झाले. अख्खा सप्टेंबर गेला — नऊ दिवस दवाखाना, छातीत पाणी, आणि पुढचे वीस दिवस लेकीकडे. म्हणजे जावयाकडे. म्हणजे केंटकडे! ते वीस दिवस वहीत लिहिले नाहीत, कारण वही घरी होती आणि लिहिले असते तर ती जळाली असती. म्हणून आज ही नवी वही. जुनी भरतच आली होती.

होबर्टने ट्रॅक्टर लावून गाडी ओढत आणली. हा शेजारचा होबर्ट, माझ्याबरोबर सहावीपर्यंत शाळेत होता, पुढे दोघंही गेलो नाही. सगळी वाट मागे वळून हसत होता. म्हणाला, ‘‘व्हर्ना, घोडा घे आता. घोड्याला धूर येत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘तुझ्यासारखं गाढव शेजारी असताना घोडा कशाला?’’ बरं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा कुणाला तरी नीट बोलले.

४ ऑक्टोबर

लेक आणि जावई आले. बरोबर गावातला गॅरेजवाला. त्या गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही! चालू करा म्हणाला, गिअर टाका म्हणाला, कान तिरका केला आणि ‘‘गिअरबॉक्स गेला’’ म्हणून मोकळा. नवा बसवण्यापेक्षा गाडी भंगारात द्या. डॉक्टर तरी छातीला नळी लावतो. ह्याने तेवढंही केलं नाही.

मग र्‍होंडा बोलली. माझी एकुलती एक लेक, पन्नाशी उलटली तरी रडायला आलं की नाक आधी लाल होतं, तसं झालं. ‘‘आई, गाडीचं निमित्त आहे गं. दुकान अकरा मैलांवर. फोन लागला तर लागला. तू आजारी पडलीस ते आम्हांला दोन दिवसांनी कळलं. उद्या काही विसरलीस, शेगडी चालू राहिली, काही भलतं केलंस — मला कोण सांगणार? ह्या डोंगरात गाडीशिवाय तुला ठेवणार नाही मी. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचं जेवण असतं, त्याच्या आत तू आमच्याकडे.’’

आणि हा केंट बाजूला उभा! खिशात हात. विम्याच्या कचेरीत बसून बसून ह्याला सगळ्या जगात धोका दिसतो. कांदा चिरायला रबरी हातमोजे घालणारा पुरुष मी जन्मात हाच पाहिला. घेवड्यात डुकराची चरबी नाही, मक्याच्या पावात मीठ नाही, आठ वाजता दिवे बंद. मला दिली होती ती खोली घर तापवायच्या भट्टीच्या शेजारी. रात्रभर भट्टी घुंई घुंई. मी म्हटलं, ह्या खोलीत मला झोप येत नाही. तर केंट काय म्हणाला? ‘‘आई, तुम्ही त्या आवाजाचा विचार करू नका.’’ विचार करू नका! मी काय मुद्दाम त्याचा विचार करत होते?

मी सरळ सांगितलं. ‘‘पंधरा तारखेच्या रविवारच्या जेवणाला मी गाडी घेऊन तुमच्या दारात येते. चर्चच्या चढावरून. आले तर मी माझ्या घरात राहणार आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही आले तर माझ्या कोंबड्या विका आणि मला घेऊन जा.’’

र्‍होंडाने केंटकडे पाहिलं. केंट म्हणाला, ‘‘चालेल की.’’

चालेल की! जसा काही दुधाचा रतीब ठरवतोय.

५ ऑक्टोबर

रात्री झोप छान लागली. भांडण ठरलं की लागते.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज इतका आनंद झालाय की कुठून लिहू!

हार्लन जाऊन अकरा वर्षं झाली. नवरा म्हणून तो कसा होता ते बाजूला ठेवू — लग्नाच्या वाढदिवशी त्याने मला पान्यांचा संच दिला होता, आणि मी तो त्याच्या पायावर टाकला होता. पण गाड्यांतलं त्याला कळायचं. आमच्या अंगणात कायम दोन गाड्या आडव्या. तो खाली, मी वर कंदील धरून. कंदील धरून धरून माणसाला सगळं येतं. तो म्हणायचा, गिअरबॉक्स मेला म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, तेल बघितलंस का?

तर मी बघितलं. इंजिन चालू ठेवलं, तापू दिलं, गिअरचा दांडा सगळ्या घरांतून फिरवून आणला, मग तेल मोजायची पट्टी ओढली. इंजिनाची पट्टी बंद गाडीत बघतात, पण ह्या गाडीत गिअर आपोआप बदलतात, तिची गिअरची पट्टी चालू आणि तापलेल्या गाडीत. हे न कळणारे अर्धे लोक तेल कमी-जास्त ओततात.

पट्टी कोरडी! टोकाला नुसता तपकिरी डाग, जळका वास. गिअरच्या तेलाला लाल रंग असतो, चेरीच्या सरबतासारखा. इथे सरबतही नाही आणि चेरीही नाही.

मग गाडी बंद केली, थांबले, इंजिनाची पट्टी ओढली. ती तर वरच्या खुणेच्या पार वर! बोटभर! आणि तेल नवंकोरं, मधासारखं. दुप्पट भरलेलं. म्हणून तो निळा धूर.

मी तिथेच उलट्या बादलीवर बसले आणि हसू येऊन छातीत दुखायला लागलं. कारण मला कळलं! आमच्या ह्या गाडीला खाली दोन नट आहेत. पुढचा इंजिनाचा, त्याच्यामागे हातभरावर गिअरचा. दिसायला दोघे जुळे भाऊ. नवशिका माणूस खाली जातो, मागचा नट उघडतो, गिअरचं चांगलं तेल सोडून देतो. मग वर येऊन इंजिनात नवं तेल ओततो — इंजिनात जुनं तेल तसंच! इथलं पोरगंही ही चूक एकदा करतं आणि बापाचा मार खाऊन पुन्हा करत नाही.

आणि नवशिका कोण? माझ्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हापासून, तीन वर्षं, ह्या गाडीचं इंजिनतेल बदलतो तो कोण? फोन चाकावरच्या पत्र्यावर उभा करून त्यातला माणूस सांगेल तसा नट फिरवतो तो कोण? मी दवाखान्यात असताना कोंबड्यांना दाणे घालायला रोज इथे येत होता तो कोण?

केंट!!

शेडमध्ये जाऊन पाहिलं. कोपऱ्यात प्लास्टिकचा कॅन. झाकण उघडलं — लाल तेल! माझ्याच शेडमध्ये! लपवायची अक्कल नाही ती नाहीच.

होबर्टला बोलावून दाखवलं. त्याने तीनदा पट्टी पुसून तीनदा पाहिली. म्हणाला, ‘‘व्हर्ना, तुझा चेहरा असा दिसतोय जसं तुला शिकारीत हरीण मिळालंय.’’

मी म्हटलं, ‘‘हरीण नाही, जावई.’’

र्‍होंडाला आत्ताच फोन करणार होते. नाही केला. पंधराच्या रविवारी. भर जेवणात. सगळ्यांसमोर. थंड करून वाढायची गोष्ट आहे ही.

७ ऑक्टोबर, शनिवार

पुढची चाकं वर घ्यायला होबर्टचे रॅम्प आणले. त्याला म्हटलं, तू फक्त उभा राहा, हात लावू नकोस. तो म्हणाला, ‘‘मी कधी हात लावलाय का?’’ हे मात्र खरं.

मागच्या चाकांना ओंडके लावले, हातब्रेक ओढला, गाडी दोनदा हलवून बघितली. कंबर कुरकुरली. तिला म्हटलं, केंटच्या घरी जायचंय का? गप्प बसली.

आधी वरून तेल भरायची जागा मोकळी होते की नाही ते बघायचं, मग खालचा नट उघडायचा. उलटं केलं आणि वरचं झाकण अडकून बसलं तर गाडी रिकामी आणि तुम्ही अंगणात. वरचं मोकळं होतं. मग खाली गेले. चष्मा लावून, बॅटरी घेऊन. पुढचा नट — बोट ठेवलं. इंजिन. मागचा — बोट ठेवलं. गिअर. मोठ्याने म्हटलं दोन्हींची नावं. होबर्ट वरून म्हणाला, ‘‘बाप्तिस्मा देतेस काय?’’

आधी इंजिनाचा उघडला. निघतंय, निघतंय, थांबायचं नाव नाही! घमेलं काठोकाठ. होबर्ट ‘‘देवा रे’’ म्हणाला, आणि तो चर्चला नाताळलाच जातो. फिल्टर बदलला, नवं तेल मापात घातलं, पट्टी खुणेवर. झालं इंजिन.

मग गिअरचा. थोडंसंच निघालं — काळपट, जळक्या साखरेचा वास. एका चढाने एवढं जाळलं. घमेल्याच्या तळाला लोखंडाचे तुकडे आहेत का ते बोटांनी चाचपलं. तुकडे असते तर खेळ खलास होता. नव्हते. नुसता बारीक राखाडी लगदा. तो चालतो.

किती निघालं ते मी बरण्यांत मोजते. काकड्यांच्या लोणच्याची बरणी बरोबर एक क्वार्ट, लिटरला जराशी कमी. शेडमधल्या कॅनातलं मोजलं — चार बरण्या. आज निघालेलं — अर्धी. म्हणजे साडेचार आत घालायचं. नव्या वायसरवर नट बसवला, नरसाळ्याला लांब नळी जोडून वरून तेल सोडलं. लाल! उन्हात धार अशी चमकत होती की होबर्टसुद्धा वाकून बघायला लागला. मी सगळा वेळ केंटला शिव्या घालत होते. होबर्ट म्हणाला, ‘‘इतक्या शिव्या मला कुणी तरी द्याव्यात अशी माझी फार इच्छा आहे. माणूस आठवणीत आहे असं वाटतं.’’

गाडी अंगणात पुढे गेली. मागे गेली. झटका बसतो अजून, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना. पण गेली!

हाताचा वास तीन वेळा साबण लावून गेलेला नाही. मक्याच्या पावालाही तोच वास. खाल्ला.

९ ऑक्टोबर

नात टेसचा कोलंबस शहरातून फोन. ‘‘आजी, आई म्हणते तू गाडीखाली गेलीस! तू शहात्तर वर्षांची आहेस!’’ मी म्हटलं, गाडी वीस वर्षांची आहे, दोघींची सरासरी काढ. हसत सुटली पोर. मग म्हणाली, ‘‘बाबा म्हणाले, तुला कुणी अडवू नका.’’

अडवू नका! कसं अडवेल? अडवलं तर सगळं बाहेर येईल ना!

१० ऑक्टोबर

नट उघडला की आतलं सगळं तेल येत नाही, अर्धं आतच राहतं. म्हणून दहा-बारा मैल फिरवायची, पुन्हा काढायचं, पुन्हा भरायचं. असं तीनदा. हार्लनची रीत. दुकानात मशीन लावून जोराने धुतात, पण जुन्या गाडीला तसं करू नये, आतला मळ सुटतो आणि बारीक वाटांत अडकतो. हळूहळू करायचं.

आज दुसऱ्यांदा. निघालेलं तेल चहासारखं. शनिवारपेक्षा बरं.

१२ ऑक्टोबर

आज हसू नाही.

काल तिसऱ्यांदा बदललं. तेल लाल निघालं, लाल घातलं. सगळं नीट. आणि आज सकाळी थंड गाडी गिअरात टाकली तर हललीच नाही. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार — मग धाडकन.

गाडी बंद केली, पण उतरले नाही. समोर कोंबड्या. त्यांना काय, दाणे मिळाले की झालं. मी मनात केंटच्या घरातली ती खोली लावून बघितली. पलंग इकडे, हार्लनची खुर्ची — नाही मावत. शिवणयंत्र — नाही. खिडकीतून त्यांच्या शेजाऱ्याची भिंत दिसते. पांढरी. त्या भिंतीकडे बघत मी किती दिवस जगेन ते मी मोजलं नाही.

होबर्ट आला. आज त्यानेही चेष्टा केली नाही, म्हणजे माझा चेहरा कसा असेल. म्हणाला, ‘‘पट्टी बघितलीस?’’ मी म्हटलं, बघितली, खुणेवर आहे. ‘‘कधी बघितलीस?’’ काल, भरल्या भरल्या. ‘‘तापवून?’’

मी कपाळावर हात मारला! घाईत बंद गाडीत, थंडच बघितली होती! मीच परवा ज्यांना नावं ठेवली तेच मी केलं. गाडी तापवली, पुन्हा बघितलं. वीतभर पट्टीवर नखभर कमी. होबर्टला चूक दाखवायची संधी मिळाली म्हणून तो इतका खूश की अर्ध्या बरणीचं तेल त्यानेच ओतलं.

होबर्टला सांगितलं, हे कुणाला बोलायचं नाही.

१३ ऑक्टोबर

सकाळी थंड गाडी. एक — आणि चालली. दोनसुद्धा मोजावं लागलं नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

चर्चचा चढ! चढले!! मध्यावर थांबवली, मुद्दाम, आणि पुन्हा चालू केली. लोण्यातून सुरी. झाडूवाली बाई खिडकीतून बघत होती. मी हॉर्न वाजवला. दोनदा.

आता उद्या. उद्या केंट! सफरचंदाचा मुरंबा नेणार आहे. आणि त्या लाल तेलाची एक बरणी. दोन्ही टेबलावर ठेवणार. कोणती आधी उघडायची ते रात्री ठरवते.

१५ ऑक्टोबर, रविवार

सगळं लिहून ठेवते, एकेक शब्द.

त्यांच्या दारात गाडी लावली. र्‍होंडा पायरीवर उभी होती, दोन्ही हात तोंडावर. नाक लाल. ‘‘आई, खरंच चढून आलीस?’’ मी म्हटलं, चाकांना विचार.

जेवायला बसलो. कोंबडी, उकडलेले बटाटे, मीठ नाही. केंटने प्रार्थना म्हटली, मला वाढलं, ‘‘आई, ग्रेव्ही घ्या’’ म्हणाला. मी ग्रेव्ही घेतली आणि बरणी टेबलावर ठेवली.

‘‘हे काय?’’ र्‍होंडा.

‘‘हे माझ्या गिअरबॉक्सचं रक्त,’’ मी म्हटलं. हे वाक्य मी आठवडाभर घोळवत होते. ‘‘माझ्या शेडमध्ये सापडलं. गिअरबॉक्स म्हातारा नव्हता झाला. मीही नाही. कुणीतरी इंजिनाचं तेल बदलायला गेलं, चुकीचा नट उघडला, गिअरचं तेल सोडलं आणि इंजिनात दुप्पट भरलं. मी तिकडे ऑक्सिजनवर होते तेव्हा! आणि मग माझ्याच दारात उभं राहून माझी गाडी भंगारात जाताना बघत राहिलं. खिशात हात घालून!’’

र्‍होंडा हळू केंटकडे वळली. ‘‘केंट? तू केलंस हे?’’

काय चेहरा झाला त्याचा! आधी कळलंच नाही असा. बरणीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं — बराच वेळ. मी डोळे हलवले नाहीत. मला वाटलं, आता खोटं बोलणार.

‘‘हो,’’ म्हणाला. ‘‘माझ्याच हातून झालं असणार.’’

‘‘असणार?’’ मी.

‘‘झालं. मीच केलं. माफ करा, आई.’’

र्‍होंडा त्याला असं बोलली, असं बोलली! की तिच्या मनात काय काय आलं होतं, आई काहीतरी विसरली असेल, आईनेच काही भलतं केलं असेल, आठवडाभर तिला झोप नाही, आणि हा गप्प! तो मान खाली घालून बटाटे कापत होता. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘आई, तुझी चूक असती तर मी तुला आजच ठेवून घेतलं असतं. आता काय बोलू? राहा तुझ्या घरी. मी पुन्हा विषय काढणार नाही.’’

जिंकले!

निघताना तो गाडीपर्यंत आला. वाकून गाडीखाली बघितलं. ‘‘काम स्वच्छ झालंय,’’ म्हणाला. मग, ‘‘पुढच्या वेळी तेल बदलायचं असेल तेव्हा मला नुसती हाक मारा. मी वर कंदील धरीन.’’ मी म्हटलं, तू कंदील धरलास तरी दोन्ही हातमोजे घालशील. हसला. वेडा.

मुरंबा त्यांनाच ठेवला. बरणी परत आणली.

१६ ऑक्टोबर

दिवसभर गाणी म्हटली. कोंबड्यांनी आज दोन अंडी जास्त दिली.

१७ ऑक्टोबर

तेल कधी बदललं ते लिहायचं गाडीतलं कार्ड घेऊन तारखा भरायला बसले. केंटने तो पराक्रम कोणत्या दिवशी केला असेल ते हवं होतं. मला दवाखान्यात कधी नेलं ते बघून दिवस काढू म्हणून जुनी वही उघडली. शेवटचं पान. अक्षर वाकडं, पण माझंच —

‘‘१ सप्टेंबर. कालपासून अंगात ताप. केंट शनिवारी तेल बदलायला येतो म्हणाला, त्याची वाट कोण बघतो. मीच गेले गाडीखाली. चष्मा सापडला नाही. तेल लालसर दिसलं, तापाने डोळे जळतात त्याचं असेल. कॅन शेडमध्ये ठेवला. नवं तेल घातलं. केंटला सांगणार नाही.’’

तीनदा वाचलं. मला काहीच आठवत नाही.

तो टेबलाशी बसून माझ्याकडे बघत होता, तेव्हाच त्याला कळलं होतं.